‘आधी ओढून टाका, मग आवरा’ या सल्ल्याला माझा ठाम विरोध

चाकणकर
परवा इथे एकांनी लिहिलं: “शुक्रवारी संध्याकाळी सगळा झेड ड्राइव्ह (ऑफिसच्या सर्व्हरवरचा सगळ्यांचा फाइलसाठा) उचला, शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या फाइलसाठ्यात) टाका, सोमवारी लोक कामाला लागतात. आवरायचं नंतर बघू, सर्च आहेच.” त्यावर वाहवा पण झाली. म्हणून सविस्तर लिहितोय, कारण असा सोमवार निस्तरायला आम्हालाच बोलावतात.

ब्राउझरमधून फाइली ओढल्या की दहा वर्षं जुन्या कोटेशनवर बदलाची तारीख आजची येते आणि नाव ओढणाऱ्याचं. वाद कोर्टात गेला तर काय दाखवणार? तारखा टिकवून फाइली हलवणारं मायग्रेशन टूल मायक्रोसॉफ्ट फुकट देतं, पण ते आधी स्कॅन करायला सांगतं आणि तेवढाच कंटाळा लोकांना असतो. फोल्डरांसकट फाइलचा पूर्ण पत्ता 400 अक्षरांत बसावा लागतो. ‘फायनल’च्या आत ‘फायनल नवीन’, त्याच्या आत ‘साहेबांनी पाहिलेलं’, असं करत पर्चेसवाले कुठवर जातात ते बघा एकदा. झेड ड्राइव्हचा पत्ता धरून जोडलेली कॉस्टिंगची एक्सेलं तुटतात, ड्रॉइंगमधले एक्सरेफ, म्हणजे दुसऱ्या ड्रॉइंगला जोडलेले दुवे, तुटतात.

आणि परवानग्या! पगाराचं फोल्डर सर्व्हरवर सगळ्यांना उघडं असायचं, फक्त कुणाला पत्ता नव्हता. तीच परवानगी तशीच वर गेली की सर्च ते कुणाच्याही हातात आणून देतो.

क्लाउडवाला
तो सल्ला माझा. आता माझं ऐका. आमच्याकडे तयारीच चालू होती. समिती झाली, प्रत्येक विभागाने यादी द्यायची ठरलं, कुणी दिली नाही. तेवढ्यात जुन्या सर्व्हरवर रॅन्समवेअर आलं, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. बॅकअपची डिस्क त्याच सर्व्हरला जोडलेली, तीही गेली. सगळं जसंच्या तसं वर टाकलं असतं तर निदान जुन्या आवृत्त्या तरी परत काढता आल्या असत्या. तारखा चुकल्या असत्या, चालल्या असत्या. तुम्ही सल्लागार लोक तयारीचे पैसे घेता, म्हणून तुम्हाला तयारी हवी.

चाकणकर
पैशावर जाऊ नका. बॅकअपची डिस्क काढून कपाटात ठेवायला समिती लागत नाही. तो दोष तयारीचा नाही.

लेखापाल_सातारा
दोघांच्या भांडणात तिसरंच नुकसान होतंय. आवरण्याच्या नावाखाली लोक जुनं डिलीट करतात, आणि तो राग मी कित्येक दिवस धरून आहे. कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे हिशेबाची पुस्तकं, व्हाउचरांसकट, 8 आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने, आणि अपील चालू असेल तर त्याहून पुढे. शेअरपॉइंटच्या रिसायकल बिनमध्ये फाइल 93 दिवस राहते, मग संपलं. आयटीतल्या मुलाने ‘डुप्लिकेट’ म्हणून उडवलेली फाइल कधी कधी सहीची असते. यादीवर आधी अकाउंट्सचा हात फिरू द्या.

दस्तऐवज_जुन्नर
“सर्च आहेच” म्हणणाऱ्या दादांना एक विचारते. तुमच्याकडे मराठी कागद नाहीत का? आमच्या पतसंस्थेचे ठराव, नोटिसा, जामीनदारांची पत्रं सगळी श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या जुन्या मराठी फाँटांत. ज्या मशीनवर तो फाँट नाही तिथे रोमन चिन्हांचा कचरा दिसतो, आणि ‘थकबाकी’ शोधलं तर एकही फाइल येत नाही. कारण आत देवनागरी नाहीच, रोमन अक्षरांच्या जागांवर चितारलेले आकार आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनला देवनागरी म्हणून ओळखता येणाऱ्या अक्षरांत, आणल्याशिवाय वर टाकणं म्हणजे पोत्यात भरून माळ्यावर टाकणं.

क्लाउडवाला
कन्व्हर्टर असतात की. एका रात्रीत होतं.

दस्तऐवज_जुन्नर
तुम्ही केलंय कधी? त्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, रफार नंतर. कन्व्हर्टरला ते उलटंपालटं करून लावावं लागतं आणि जोडाक्षरांत तो अडकतो. एकाच पत्रात मधला परिच्छेद इंग्रजी असेल तर त्याचीही देवनागरी करून ठेवतो. जामीनदाराचं आडनाव बदललं तर वसुलीच्या वेळी तुम्ही येणार का उभे राहायला?

टंकलेखक_निवृत्त
उगाच श्रीलिपीला नावं ठेवू नका. छापखान्यांना मराठी अक्षर देखणं मिळालं ते याच फाँटांमुळे. विंडोज 2000 मध्ये मंगल हा युनिकोड फाँट आला तेव्हा त्यातली जोडाक्षरं बघवत नव्हती. आम्ही युनिकोड टाळलं ते आळसाने नव्हे.

दस्तऐवज_जुन्नर
काका, तेव्हाचं मान्य. पण आजही बाहेरून कामाला येणारा टायपिस्ट श्रीलिपीतच ठराव करतो आणि वर ‘सवय आहे’ सांगतो. ते मला सहन होत नाही.

टंकलेखक_निवृत्त
सवय बदलायला पगार कुणी दिला? नवीन कीबोर्ड शिकवायला एक दिवस तरी कुणी बसलं का त्याच्याजवळ?

भोसरी_डिझाइन
मराठी फाइलनावांचंही बघा. शेअरपॉइंट 400 मोजताना देवनागरी अक्षर एकच धरतो, पण लिंक कॉपी केली की प्रत्येकाची नऊ चिन्हं होतात. ‘वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त’ ही लिंक मेलमध्ये अर्धं पान खाते आणि मध्येच तुटते. आम्ही फाइलनावं रोमनमध्ये ठेवतो, आतला मजकूर मराठीत.

दस्तऐवज_जुन्नर
नाव मराठीतच राहणार. लिंक लांब होते हा आमच्या सभासदांचा दोष नाही.

चाकणकर
श्रीलिपीचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता, आता घालतो. रूपांतर करा, पण मूळ फाइल आणि तिची पीडीएफ शेजारी ठेवा, आणि नावं, रकमा, गट नंबर माणसाने वाचून घ्या.

क्लाउडवाल्यांना एवढं देतो: सगळं आवरेपर्यंत थांबू नये. चालू कामाची फोल्डरं तपासून आधी हलवा, बाकी जुना ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता ठेवा, त्याची प्रत दुसऱ्या जागी ठेवा. पण परवानग्या तपासल्याशिवाय एकही फोल्डर नाही.

क्लाउडवाला
म्हणजे अर्धं तरी माझंच म्हणणं आलं. परवानग्यांचं मानतो, पगाराचं फोल्डर आमच्याकडेही तसंच उघडं आहे. पण ‘तपासून’ म्हणजे किती दिवस, ती तारीख आधी लिहून घ्या. नाहीतर पुन्हा समिती बसेल.

लेखापाल_सातारा
तारीख लिहा, पण मार्चमधली नको.