भंवरकुआंतल्या मुलांसाठी डब्याचं ॲप: पैसे घालण्याआधी काय तपासावं?

विष्णुपुरी_वरणभात
नमस्कार मंडळी. इंदूरच्या भंवरकुआं, भोलाराम उस्ताद मार्ग, विष्णुपुरी या पट्ट्यात कोचिंगची मुलं भाड्यानं राहतात. घरगुती डबा देणाऱ्या काकू पुष्कळ, पण चांगला डबा शोधताना मुलांचा महिना वाया जातो. म्हणून ॲप: त्यावर स्वयंपाकघरांची नोंदणी, मुलांनी महिन्याचे पैसे तिथेच भरायचे, आमचं कमिशन १५ टक्के, पोचवणं आमच्याकडे. दोन वेळचा डबा, २६ दिवस, २६०० रुपये. डेव्हलपर साडेतीन लाख मागतो आहे. ते देण्याआधी कल्पनेत दम आहे की नाही, हे कसं ओळखायचं? "मस्त आहे, कर" म्हणणारे घरीच खूप आहेत. इथे हिशेब हवा आहे.

हिशेबनीस
एक डबा घ्या आणि त्याचाच हिशेब मांडा. महिन्याला ५२ डबे, म्हणजे डबा ५० रुपयांचा. कमिशन साडेसात. त्यात १८ टक्के जीएसटी गुंतलेला, तो वजा केला की हातात ६.३६ रुपये.

आता पोचवणं. दोन्ही वेळ येणारा मुलगा १४ हजार पगार आणि ३ हजार पेट्रोल धरा. १७ हजार भागिले ५२ फेऱ्या, म्हणजे फेरीला ३२७ रुपये. फेरीत ३० डबे गेले तर डब्यामागे १०.९० रुपये. मिळतात ६.३६, जातात १०.९०. ग्राहक वाढले की तोटाही वाढणार, कारण गिऱ्हाईक दहा गल्ल्यांत विखुरलेलं असलं तर फेरीतले डबे वाढत नाहीत, फेऱ्या वाढतात.

बरोबरीला यायला फेरीत ५२ डबे हवेत. गाडीवर ते कसेबसे बसतील. पण साडेअकरा ते दीड या दोन तासांत ५२ जिने? एका डब्याला तीन मिनिटं धरली तरी १५६ मिनिटं होतात. शेवटच्या मुलाला दोन वाजता गार वरण मिळणार आणि तोच पुढच्या महिन्यात सोडणार.

विष्णुपुरी_वरणभात
बाप रे. मग पोचवणं काकूंकडेच ठेवलं तर? आत्ताही त्याच पोचवतात.

करसल्ला_राजवाडा
तर मग तुम्ही नक्की काय विकता, हा प्रश्न येतो. पहिली ओळख करून देता, बस. दुसऱ्या महिन्यात मुलगा आणि काकू परस्पर जमवतात. नंबर द्यायला मनाई करून काही होत नाही, डबा घेताना दोघं दारात समोरासमोर उभी असतात.

त्यात कर याच गळतीला हातभार लावतो. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून विकल्या जाणाऱ्या रेस्टॉरंट सेवेवरचा ५ टक्के जीएसटी ॲपवाल्यानं भरायचा असतो. कमिशनवर नव्हे, जेवणाच्या पूर्ण किमतीवर. स्वयंपाकघर लहान असलं तरी सुटका नाही. आता काकूंकडे बघा: ६० मुलं, २६०० रुपये, बारा महिने, म्हणजे १८.७२ लाख. सेवेसाठीच्या जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या आत. थेट दिला तर जीएसटी शून्य, तुमच्यामार्फत दिला तर तोच डबा १३० रुपयांनी महाग. शिवाय थेट दिला तर त्यांना कमिशनचे ३९०ही द्यावे लागत नाहीत. एका मुलामागे महिन्याला ५२० रुपयांचा मोह तुम्हीच समोर ठेवता आहात.

एफएसएसएआयचंही (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) आत्ताच बघा. प्रत्येक स्वयंपाकघराकडे उलाढालीनुसार नोंदणी किंवा परवाना हवा, आणि ॲप चालवणाऱ्याला केंद्रीय परवाना लागतो. यातलं काहीच नसलेल्या काकू ॲपवर घेताच येत नाहीत, त्यामुळे "खूप स्वयंपाकघरं आहेत" हा आकडा आधी गाळून घ्या.

छप्पन_नंतर_सराफा
भिया, स्विगीनं २०१९ मध्ये गुरुग्रामपासून हेच सुरू केलं होतं ना, स्विगी डेली? एवढ्या मोठ्या कंपनीनं केलं म्हणजे मागणी असणारच.

हिशेबनीस
मागणी आहे, त्यात वाद नाही. मुलं रोज दोनदा जेवतातच. मधल्या माणसाला त्यातून काय उरतं, हा प्रश्न आहे. ती योजना पुढे गुंडाळली गेली. त्यावरून तुमचं चालणार नाही असंही ठरत नाही, पण तो पुरावा बाजूनं धरू नका.

बाजार मोजायचा तर "इंदूरमध्ये इतके लाख विद्यार्थी" हे सोडा. एक संध्याकाळ पायी फिरा, हॉस्टेलच्या पाट्या मोजा. समजा ४० निघाली, प्रत्येकी ३० खाटा, म्हणजे १२०० मुलं. निम्म्या ठिकाणी स्वतःची मेस, राहिली ६००. पाचांत एक आला तर १२०. प्रत्येकामागे महिन्याला कर वजा जाता ३३० रुपये, म्हणजे ३९,६०० रुपये, पोचवणीचा एक पैसा न धरता. यात ॲपची देखभाल आणि तक्रारींचे फोन घेणारा माणूस बसतो का, ते तुम्हीच बघा.

लोकमान्यनगर_मावशी
साडेतीन लाखांचं काम सध्या एक क्यूआर कोड आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप करू शकतो. एकच गल्ली आणि दोन काकू घ्या. मुलांना "असं ॲप आलं तर वापराल का?" हे विचारू नका, सगळी हो म्हणतात. विचारायचं ते घडून गेलेलं: मागच्या महिन्यात किती दिवस डबा आला नाही? त्या दिवशी काय खाल्लं, किती रुपये गेले? याआधीचा डबा का सोडला? तीस मुलांना विचारलंत की तेच तेच ऐकू येऊ लागेल.

मग महिन्याचे पूर्ण पैसे आगाऊ मागा. आधीच कागदावर लिहून ठेवा: ४० जणांना विचारून १२ जणांनी भरले आणि त्यातल्या ८ जणांनी दुसऱ्या महिन्यात पुन्हा भरले तर पुढे जायचं, नाही तर थांबायचं. माझा आकडा शास्त्र नाही, तुम्ही तुमचा ठरवा. पण निकाल आल्यावर तो बदलायचा नाही, लोक तिथेच स्वतःला फसवतात. मोजणी जुलै-ऑगस्टात करा. दिवाळी-होळीला मुलं घरी जातात, परीक्षा झाली की खोल्या रिकाम्या होतात. त्या महिन्यांतले आकडे काहीच सांगत नाहीत.

काकूंचीही मर्यादा मोजा. भाजी दुप्पट करायला पातेलं बदललं की झालं. अडतं ते पोळीपाशी. डब्यात पाच पोळ्या, ६० डबे, म्हणजे ३००. एका बाईच्या हातून तासाला साठएक धरल्या तर पाच तास. साडेअकराला डबे निघायचे तर दोन बायका नऊच्या आत तव्यापाशी हव्यात. एकसष्टावा डबा नव्हे, तिसरी बाई महाग पडते. म्हणून वीस ग्राहक आणून दिलेत तर काकू खूश होतीलच असं नाही.

करसल्ला_राजवाडा
मावशींना +१. काकूंकडे गेलात की त्यांची वही बघायला मागा. कोण कोणत्या दिवशी सुट्टीवर, कोणाचे किती दिवस पुढे ढकलायचे, कोणाचे पैसे राहिले, सगळं खाडाखोड करून त्यात असतं. महिनाअखेर भांडणं तिथूनच निघतात. ही वही नीट ठेवून देण्याचे महिन्याला ३०० रुपये त्या देतील का, हेही त्याच फेरीत विचारा. जेवण काकूच विकतात, तुम्ही फक्त हिशेबाचं साधन देता, मग जेवणावरचा कर आणि दारातली गळती दोन्ही तुमच्या अंगाला लागत नाहीत. मात्र इथेही तोंडी होकार नको, तीनशे रुपये हातात.

विष्णुपुरी_वरणभात
डेव्हलपरला थांबवलं. उद्या सकाळी अकराला दोन काकूंकडे जातो.

लोकमान्यनगर_मावशी
अकराला अजिबात नको, पोळ्या चालू असतात. तीननंतर जा, आणि आधी फोन करून जा.