कीटकनाशक फवारणीतून विषबाधा झालेला पेशंट ओळखायला मला वीस मिनिटं लागली. तुम्ही काय करता?

बॉन्डवाला_एमओ
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बॉन्डवर, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत आहे, चौथा महिना. काल दुपारी तिघं मजूर आले. ऑटोतून उतरता उतरताच एक जण ओकला. जुलाब, घाम, चक्कर. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, मी उन्हाचा त्रास आणि गॅस्ट्रो धरून सलाईन लावलं. विष घेतलंय का, हेही विचारलं. तिघंही नाही म्हणाले, एक तर चिडलाच. वीस मिनिटांनी सिस्टर म्हणाल्या, "सर, शर्टाला वास येतोय. आणि लाळ बघा." टॉर्च मारला तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मग उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन, मग १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स. तिघंही जिल्ह्याला दाखल आहेत, शुद्धीवर आहेत.
आमच्याकडे कोलिनेस्टरेजची (या विषबाधेत रक्तात कमी होणाऱ्या एन्झाइमची) तपासणी होत नाही. रिपोर्टशिवाय अ‍ॅट्रोपिन कुठवर रेटायचं? वाचलंय सगळं, पण समोर माणूस असला की हात आखडतो.

कपाशी_आठ_एकर
डॉक्टरसाहेब, राग मानू नका. आमच्या इकडे त्याले 'विष' कोणी म्हणत नाही, 'औषध' म्हणते. तुम्ही विष घेतलं का विचारलं, म्हणजे त्याच्या कानाले जीव द्यायला गेला होता का असं ऐकू येते. नाहीच म्हणन ना तो. "आज फवारणी होती का, पंप कोणाच्या पाठीवर होता," असं विचारा. सगळं सांगते.

रिटायर्ड_वैद्यकीय_अधिकारी
वरच्या दादांना शंभर पैकी शंभर. माझी अर्धी नोकरी गेल्यावर मला हे कळलं.

आता अ‍ॅट्रोपिन. रिपोर्टची वाट बघायचीच नाही, निदान डोळ्यांनी, नाकाने आणि स्टेथोने करायचं. मोठ्या माणसाला ०.६ मिलिग्रॅमच्या तीन ते पाच अँप्युल शिरेतून, पाच मिनिटांनी छाती ऐका. घरघर तशीच असेल तर डोस दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं. छाती मोकळी, नाडी ऐंशीच्या वर, बीपी सावरलेलं, काख कोरडी, की थांबा आणि ड्रिपवर न्या. बाहुल्या मोठ्या करायच्या मागे लागू नका, आणि नाडी आधीच जलद आहे म्हणून पहिला डोस अडवू नका. माणूस बडबडायला लागला, अंग तापलं, पोट फुगलं तर जास्त झालं. पॅम (प्रॅलिडॉक्झिम) या दुसऱ्या उताऱ्याबद्दल मतं वेगळी आहेत, तो निर्णय मोठ्या दवाखान्यावर सोडा.

पण सुईच्या आधी कपडे. सगळे उतरवा, पिशवीत बांधा, केसांसकट साबणाने धुवा, नखांच्या आतूनही घासा. अंगावर ओला शर्ट ठेवून अ‍ॅट्रोपिन देणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. सिस्टरांना हातमोजे द्या, खिडक्या उघडा. फवारणीतून कातडीवाटे गेलंय, तेव्हा नळी घालून पोट धुण्यात वेळ घालवू नका.

२०१७ साली जुलै ते नोव्हेंबरमध्ये आपल्या याच जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दाखल झाली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारा थेट तोंडावर येत होता, त्यात दोन-तीन औषधं एकाच टाकीत. म्हणून डबा मागवा. डबा नसेल तर लेबलचा मोबाईलवर फोटो. नुसतं पायरेथ्रॉइड (वेगळ्या गटातलं कीटकनाशक) असेल तर कातडी जळजळते, तिथे अ‍ॅट्रोपिनचं काम नाही. अडलं तर दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास उचलतं, १८०० ११६ ११७.

आणि मुख्य. तिघं आले म्हणजे शेतात किती होते? विचारलंत का?

बॉन्डवाला_एमओ
नाही विचारलं. तुमचं वाचून आत्ता आशाताईंना घेऊन जाऊन आलो. पाच जण होते. उरलेले दोघं घरीच झोपून, "बाधलं थोडं" म्हणत होते. एकाला काही नाही. दुसऱ्याच्या पोटऱ्या नुसत्या फडफडत होत्या, त्याला गाडीत घातलं.

रिटायर्ड_वैद्यकीय_अधिकारी
शाब्बास. जे जिल्ह्याला आहेत त्यांच्या वॉर्डात फोन करून सांगा, चार दिवस रोज उताणं झोपवून मान उचलायला लावा म्हणून. मान उशीवरून उठेना म्हणजे श्वासाचे स्नायू ढिले पडायला लागले. बरा दिसतोय म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली आणि घरी श्वास थांबला, असं मी पाहिलंय.

बॉन्डवाला_एमओ
केला फोन. सर, आणखी एक. त्या घरी अंगणात बायको त्याचा फवारणीचा शर्ट धूत बसली होती. त्याच टपात लेकराचे कपडे.

रिटायर्ड_वैद्यकीय_अधिकारी
तिच्या बाहुल्या बघितल्यात?

बॉन्डवाला_एमओ
निघतो परत.