चौकोनी ठोकळे आणि गोल सण: तुमचे अनुभव सांगा

थर्मोकोलच्या मखरांवर २०१८ साली राज्यात बंदी आली, त्या वर्षी आमच्या जळगावच्या घरात दिवाणातला लेगोच्या, म्हणजे एकमेकांवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा डबा मखरासाठी पहिल्यांदा देवासमोर आला. प्लास्टिकला पर्याय म्हणून पुन्हा प्लास्टिकच, हे मलाही कळतं. टोमणे नकोत! पण थर्मोकोलचं मखर नदीकाठी सडत नाही आणि घरात टिकत नाही. ठोकळ्यांचं मखर मात्र दरवर्षी मोडतं आणि पुढच्या वर्षी त्याच विटांचं दुसरंच काही उभं राहतं. लेगोने आजच्या घडणीच्या विटेचं पेटंट १९५८ साली घेतलं, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर टच्चकन बसते. आमच्या डब्यात भावाच्या, माझ्या आणि आता मुलाच्या, अशा तिन्ही वेळच्या विटा एकत्र आहेत.

तर खान्देशातल्या मंडळींनो, सणावाराला ठोकळ्यांतून काय काय केलंत ते लिहा. फसलेलं आधी. पुस्तिका बघून जोडलेले विकतचे सेट इथे नकोत.

सुरुवात मीच करते. गणपतीचं निभावलं म्हणून पुढच्या श्रावणात कानबाईला हात घातला. बाहेरच्यांसाठी सांगते: नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळालाच नथ, डोळे, दागिने घालून सजवतात, रोटांचा नैवेद्य असतो आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. बाजूला केळीचे खांब हवेतच, आणि त्यांच्यावर कमान. खांब जमले. कमानीने रडवलं.

ठोकळ्याला वाकणं माहीत नाही. म्हणून प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत न्यायचा, दोन्ही बाजू मधोमध भेटेपर्यंत. आमच्या पाटावर दोन खांबांत ३२ सेंटिमीटर जागा. विटेवरचे गोल उंचवटे म्हणजे बटणं; दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे ४० बटणं, दोन्हीकडून वीस वीस. मी घाईत थरागणिक दोन दोन बटणं पुढे काढली. दहाच थरांत कमान मिटली, दिसायलाही चपटी छान. रात्री एक वाजता धाडकन खाली! सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "बाई, कानबाई बसायच्या आधीच उठनी का?"

मग एकेक बटण सरकवत वीस थर चढवले. एका विटेची उंची ९.६ मिलिमीटर, म्हणजे कमान एकोणीस सेंटिमीटरच्या वर गेली आणि जरा टोकदारच झाली. खांबांच्या मागच्या बाजूला जड विटा लावल्या, खाली रोटांच्या पिठाचा डबा आधाराला ठेवला, शेवटची वीट बसल्यावर अलगद काढला. ती सोमवारपर्यंत उभी होती. नंतर कळलं, साक्री तालुक्यातल्या बळसाण्याच्या जुन्या देवळांत छत असंच दगड पुढे सरकवत मिटवलेलं आहे.

अमळनेरहून

ताई, तुमच्या कमानीला सलाम. माझं पोळ्याचं ऐका, छोटंसं आहे. मुलाने तपकिरी विटांचा बैल केला, शिंगांना लाल विटा लावल्या. आमचे आप्पा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हाऊ बैल शे का हेला?" (हेला म्हणजे रेडा.) वशिंडच नव्हतं ना! उतरत्या तुकड्यांचं वशिंड चढवलं तेव्हा कुठे त्यांनी त्याला पुरणपोळीचा घास दाखवला.

नवापूरहून

आमच्याकडे नाताळला गव्हाणी मांडतात. ती ठोकळ्यांतून सहज होते, गोठा चौकोनीच असतो. अडचण ताऱ्याची. पाच टोकं चौकोनी बटणांवर बसेनात. शेवटी दोन चौरस केले, मधे एकच गोल चकती घातली आणि वरचा चौरस अर्ध्या काटकोनात फिरवला. आठ टोकांचा तारा तयार! एका बटणावरची वीट फिरते, एवढंच त्यातलं गुपित. पण ओट्यावर टांगला आणि वारा सुटला की आमचा तारा पुन्हा चौकोन व्हायचा. रोज सकाळी पोरगी स्टुलावर चढून त्याला सरळ करायची, खरं तर तिरपा करायची.

पारोळ्याहून

ताई, डिंक लावू नका एवढंच सांगायला आलो होतो, पण तुम्ही लावलेलाच नाही. मी लावला होता, पुढच्या वर्षी निम्म्या विटा फेकाव्या लागल्या.

आमच्या गल्लीत दिवाळीच्या किल्ल्याचं फारसं वेड नाही. मुलगी पुण्याहून शिकून आली ती खूळ घेऊन. म्हटलं, डोंगरी किल्ले त्यांनी करावेत, आपल्या दारात भुईकोट आहे. सरळ तट, भोवती खंदक, ठोकळ्यांसाठीच बांधल्यासारखा. बुरूज मात्र गोल. तिथे एक बाय दोनच्या विटा आणि एक बाय एकच्या गोल विटा आलटूनपालटून लावल्या की लांब भिंत हळूहळू वाकते आणि तिची दोन टोकं जुळतात. खंदकात खरी माती आणि अळीव पेरले, ही चूक. विटांच्या पोटात गेलेली माती दात घासायच्या ब्रशने काढावी लागली. धुऊन गच्चीवर वाळत घातल्या आणि तिथेच विसरलो. मे महिना उलटला तेव्हा पांढऱ्या विटा जुन्या कूलरसारख्या पिवळ्या पडल्या होत्या.

हो, आणि तटावर खरी पणती ठेवायची नाही. शंभर अंशांच्या आसपास हे प्लास्टिक मऊ पडतं आणि ज्योत त्याहून कितीतरी गरम. आमचा एक बुरूज अजून मान तुकवून उभा आहे. आता बॅटरीचे दिवे.

धुळ्याहून

आम्ही भुलाबाईला खाऊची पेटी केली होती. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घरोघरी जाऊन गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. डबा हलवून बघायचा, आवाजावरून सांगायचं. भाचीला वाटलं, स्टीलचा डबा काय तोच तोच. तिने ठोकळ्यांची पेटी बांधली, सरकतं झाकण, आत चोरकप्पा. पहिल्याच घरी पोरींनी हलवली तर आतल्या सुट्या विटाच खडखडल्या. एकजण म्हणाली फुटाणे, दुसरी म्हणाली शेंगदाणे, तिसरीने खारका सांगितल्या. भाची तोंड दाबून हसत होती. तेवढ्यात शेजारच्या नानी ओसरीवरूनच म्हणाल्या, "पेरू शे. वास ई राहिना." (वास येतोय!)