दोन सेलच्या वेपचं व्होल्टेज कमी करून द्यावं, की हातच लावू नये?

जेलरोडचा_मेकॅनिक

इंदूरला जेल रोडवर माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर, इमर्जन्सी दिवे, जे जे चार्ज होतं ते माझ्याकडे येतं. गेल्या वर्षभरात कॉलेजची पोरं खिशातून वेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, काढून काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "काका, याचं व्होल्टेज सेट करून द्या." मी करून देतो. म्हणजे खाली आणून देतो. वर कधीच नेत नाही, आणि सेल तपासल्याशिवाय परत देत नाही. यावरून घरात जोरात वाद झाला म्हणून इथे मांडतोय.

मागच्या आठवड्यात एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा आला. "जळका वास येतो आणि हातात गरम लागतं," म्हणाला. झाकण उघडलं. आत दोन १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम-आयन सेल) शेजारी शेजारी, एक उभा, एक उलटा, म्हणजे सिरीजमध्ये. एक सेल जांभळ्या स्लीव्हचा, नवा. दुसरा राखाडी, आणि त्याच्या दोन्ही टोकांना स्पॉट वेल्डचे बारीक ठिपके. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून सोलून काढलेला. मीटर लावला: नवा ४.११ व्होल्ट, जुना ३.६२.

त्याहून वाईट म्हणजे जुन्या सेलची स्लीव्ह प्लसच्या बाजूला नखभर फाटली होती आणि आतली पांढरी कागदी रिंग सरकली होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सेलचं अख्खं अंग, तळापासून वरच्या कडेपर्यंत, मायनस असतं. प्लस म्हणजे फक्त मधली टिकली. दोघांच्या मध्ये ती रिंग आणि ते पातळ प्लॅस्टिक, एवढंच. तिथे धातूची पट्टी टेकली की सरळ शॉर्ट.

त्याला मी तो सेल परत घालू दिला नाही. एकसारखे दोन नवे सेल घेऊन ये म्हटलं. आणले तेव्हा ४.२ वरचं व्होल्टेज ३.७ वर आणून दिलं. कॉइल, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणारी तार, अर्ध्या ओहमची होती. ४.२ व्होल्टला ती ३५ वॅट खाते, ३.७ ला २७. व्होल्टेज बारा टक्केच उतरलं, पण वॅट बावीस टक्के उतरले, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात नि उतरतात.

मी हे केलं नसतं तर तो कुठलासा व्हिडिओ बघून घरी पलंगावर बसून हेच करत बसला असता, फाटक्या सेलसकट. म्हणून माझं मत: करून द्यावं. तुम्ही सांगा.

सुदामानगर_फार्मसी

दादा, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

पहिलं कायद्याचं. १८ सप्टेंबर २०१९ ला ई-सिगारेटबंदीचा अध्यादेश आला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. तुम्ही म्हणाल, यात दुरुस्ती हा शब्द कुठे आहे? नाही. पण तुमच्या काउंटरवर येणारी प्रत्येक वस्तू कोणीतरी चोरून देशात आणलेली आहे, आणि उद्या पाच पोरांच्या पाच वेप तुमच्या ड्रॉवरमध्ये राहिल्या तर तो साठा नाही हे तुम्ही कसं पटवून देणार?

पण मला कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते. तुम्ही ३.७ वर आणून दिलंत की त्या मुलाच्या डोक्यात काय बसतं? "काकांनी चेक केलंय, आता हे सेफ आहे." तुम्ही तपासली वायर आणि सेल. निकोटीन तुमच्या मीटरवर दिसत नाही. तो मुलगा सवय लागलेला म्हणून आला आणि सवय घेऊनच परत गेला, आता निर्धास्त होऊन.

इलेक्ट्रिकल_तिसरं_वर्ष

काका, मला तुमची पद्धत आवडली, पण तुमचा भरवसा चुकीच्या आकड्यावर आहे. नुसतं व्होल्टेज काहीच सांगत नाही. आज अर्ध्या ओहमची कॉइल आहे. उद्या त्याच मुलाने ०.१५ ओहमची कॉइल बसवली आणि तुमचं ३.७ तसंच ठेवलं तर? हिशोब करा: ९१ वॅट, कॉइलमधून जवळजवळ पंचवीस अँपिअर. सिरीजमधल्या दोन सेलचं मिळून व्होल्टेज कॉइलच्या साधारण दुप्पट, म्हणून प्रत्येक सेलवर त्याच्या निम्मा, तरी बारा अँपिअरच्या वर. लॅपटॉपचा सेल एवढा करंट द्यायला बनवलेलाच नसतो. तुम्ही "खाली" आणलेलं व्होल्टेज त्याने न बदलताही तिप्पट वॅट निघाले.

दुसरी गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. रेग्युलेटेड वेपमध्ये सर्किट वॅट कायम ठेवायला बघतं. ३५ वॅटला दोन्ही सेल पूर्ण भरलेले असताना, ८.४ व्होल्टला, ४.२ अँपिअर लागतात. तेच सेल उतरून मिळून ६.४ वर आले की साडेपाच अँपिअर लागतात. म्हणजे सेल जितका थकलेला तितकं त्याच्यावर ओझं जास्त. साध्या टॉर्चमध्ये याच्या उलट होतं, म्हणून माणूस फसतो.

आणि ते ४.११ आणि ३.६२. स्वस्त वेपला दोन सेल वेगळे दिसतच नाहीत, त्याला बेरीज दिसते, ७.७३. त्याला वाटतं दोघे ३.८६ वर मजेत आहेत. जुना सेल अडीच व्होल्टच्या खाली जाऊन मरत असतो तेव्हा नवा अजून भरलेलाच असतो. इतका खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज केला की आत तांबं साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

म्हणून मी म्हणतो, व्होल्टेजचं बटण विसरा. पोरांना कॉइलचा ओहम आणि सेलचा अँपिअर विचारायला शिकवा.

रामबाग_४६

सगळे धोक्याबद्दल बोलून राहिलेत, माझ्यासारख्याबद्दल कोणीच नाही. बावीस वर्षं सिगारेट ओढली, दिवसाला पाकीट संपायचं. सराफ्यात रात्री गराडू खायला गेलो तरी दोन घासांमध्ये एक पेटवायचो. बाहेरदेशी नोकरीला होतो तेव्हा तिथे वेपवर आलो, व्होल्टेज आणि निकोटीन दोन्ही हळूहळू उतरवत दीड वर्षात सुटलो. आज काहीच ओढत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये म्हटलं होतं की वेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. मेकॅनिक दादा, तुम्ही व्होल्टेज उतरवून देता हे मला तरी माणुसकीचं वाटतं. खाली उतरायचा जिना कोणीतरी दाखवावा लागतो.

सुदामानगर_फार्मसी

रामबागचे दादा, तुम्ही सुटलात याचा मनापासून आनंद आहे. पण तो ९५ चा आकडा काही जाणकारांनी एकत्र बसून लावलेला अंदाज होता, मोजलेला नव्हे, आणि त्यावर तेव्हाच टीका झाली. शिवाय तो सिगारेट ओढणाऱ्याशी तुलना करतो. आमच्या दुकानासमोर उभी राहणारी पोरं सिगारेट सोडायला वेपवर आलेली नाहीत. त्यांनी सुरुवातच वेपने केली आहे. त्यांच्यासाठी तो जिना खाली जात नाही.

आणि ज्याला खरंच सोडायचं आहे त्याच्यासाठी २ मिलिग्रॅमची निकोटीन गम चिठ्ठीशिवाय मिळते. सरकारची तंबाखू सोडण्याची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. मेकॅनिक दादांनी काउंटरवर हा नंबर चिकटवला तरी मी त्यांच्या दुकानासमोर पेढे वाटीन.

जेलरोडचा_मेकॅनिक

ताई, नंबर आजच चिकटवतो.

पण व्होल्टेज उतरवण्यात काहीच अर्थ नाही हे मला पटत नाही. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी एक प्रयोग छापला होता. ३.३ व्होल्टला वाफेत फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनाची संयुगं सापडलीच नाहीत, ५ व्होल्टला सापडली. तेच लिक्विड, फरक फक्त व्होल्टेजचा. जळका वास येतो म्हणून मुलगा आला होता, तो जळका वास म्हणजे काय, हे मला त्या प्रयोगावरून कळलं.

इलेक्ट्रिकल_तिसरं_वर्ष

काका, त्या प्रयोगावर त्याच वर्षी उत्तरही आलं होतं. त्या उपकरणाला ५ व्होल्ट दिले की कॉइलजवळचा लिक्विड शोषणारा कापूस कोरडा पडून जळतो, आणि तसा झुरका माणूस ओढूच शकत नाही, घसा सोलतो, असं दुसऱ्या गटाने दाखवलं. तेव्हा त्या आकड्यावर दोन्ही बाजूंनी फार भार टाकू नये. कापूस ओला राहिला पाहिजे आणि कॉइल जास्त तापू नये, एवढं मात्र दोन्हीकडून निघतं.

सुदामानगर_फार्मसी

आणि मीही तुमचाच मुद्दा उलटा करते. व्होल्टेज उतरवलं की वाफ कमी, निकोटीन कमी. मग शरीर काय करतं? जास्त वेळा ओढतं, जास्त लांब ओढतं. "लाइट" सिगारेट आल्या तेव्हा हेच झालं, लोकांनी फिल्टरची भोकं बोटांनी दाबून खोल ओढल्या. रामबागच्या दादांनी व्होल्टेजबरोबर निकोटीनही उतरवलं होतं, सोडायचं ठरवून. तुमच्याकडे येणाऱ्या मुलाने काही ठरवलेलं नाही, त्याला फक्त घसा जळायला नको आहे. तो घसा जळणं थांबवून तुम्ही त्याची सोडण्याची एकुलती एक वेळ लांबवता.

ई_रिक्शा_बॅटरी

सेलबद्दल दोन ओळी. जोडी म्हणजे जोडी: एकाच दिवशी घेतलेले, एकत्र चार्ज केलेले, एकत्र उतरवलेले. एक बदलला तर दोन्ही बदला. आणि १८६५० वर ९८०० एमएएच क्षमता छापलेली दिसली की दुकानदाराला परत करा, या मापात साडेतीन हजाराच्या आसपास गाडी थांबते. जो क्षमतेबद्दल खोटं छापतो तो अँपिअरबद्दल खरं छापत नाही.

लोकमान्यनगरची_आत्या

मी वाचत होते, बोलायचं नव्हतं. भाच्याची जीन्स धुवायला टाकताना खिशातून असेच दोन सेल निघाले, किल्ल्या आणि सुट्ट्या नाण्यांबरोबर. तो म्हणाला टॉर्चचे आहेत. आता हे वाचून माझे हातपाय गार पडलेत. माझ्या भावाला सांगू की नको? आणि त्या सेलचं करू काय? कचऱ्यात टाकू?

जेलरोडचा_मेकॅनिक

आत्या, आधी सेल. एकमेकांना किंवा कुठल्या धातूला लागू देऊ नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, वेगवेगळे प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. स्लीव्ह फाटली असेल, सेल फुगला असेल किंवा त्यातून गोडसर वास येत असेल तर चार्ज अजिबात करू नका, घराबाहेर मातीच्या कुंडीत ठेवा. सुक्या कचऱ्यात टाकू नका, तिथे दाबला गेला की पेट घेतो. आपल्या कचरागाडीला सहा कप्पे आहेत, त्यातला ई-वेस्टचा कप्पा यासाठीच आहे. गाडीवाल्याच्या हातात द्या आणि सांगून द्या काय आहे ते.

भावाला सांगायचं की नाही हे मी कसं सांगू. पण किल्ल्या आणि सेल एका खिशात, हे त्या मुलाला आजच कळलं पाहिजे.

आणि फार्मसीवाल्या ताई, रात्रभर तुमचं वाक्य डोक्यात राहिलं. घसा जळणं थांबवून मी त्याची वेळ लांबवतो, ते. कायद्याने मला भीती वाटली नव्हती, याने वाटली. तिसऱ्या वर्षाच्या पोराचा हिशोबही बरोबर आहे, मी उतरवलेलं व्होल्टेज पुढच्या कॉइलला टिकत नाही. तेव्हा व्होल्टेजला यापुढे हात लावणार नाही. पण सेल तपासणं बंद करणार नाही. फाटका सेल माझ्यासमोर आला आणि मी "हे बंदीचं आहे, घेऊन जा" म्हणून परत पाठवला, तर मला झोप लागणार नाही. मीटर लावायचे पैसे घेत नाही, वेप रात्री दुकानात ठेवत नाही.

सुदामानगर_फार्मसी

सेल तपासून देता म्हणजे वेप चालू करून देता. मला अजून पटत नाही, दादा. खराब सेल काढून घ्या आणि वेप रिकामी परत द्या, तिथवर मी तुमच्याबरोबर आहे. नवा सेल त्याचा त्याने शोधू दे.

रामबाग_४६

आणि शोधताना त्याला तो ९८०० वालाच मिळू दे?

लोकमान्यनगरची_आत्या

चिकटपट्टी लावली. एकाची स्लीव्ह वरून फाटलेलीच आहे, पांढरी रिंग दिसते आहे. भाच्याशी बोलले, खूप चिडला, मग रडला. भावाला अजून सांगितलं नाही. मेकॅनिक दादा, दुकान सोमवारी किती वाजता उघडतं? त्याला घेऊन येते, तो तुमच्या मीटरवर स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. आणि तो नंबर काउंटरवर लावला असेल तर तिथेच उभी राहून लावते.