भाड्याने की शिवून? थोडं दोन्ही

मुलांच्या नाटकासाठी कपडे भाड्याने आणावेत की शिवून घ्यावेत, या प्रश्नावर माझं मत दोन्हींच्या मिश्रणाला. प्रत्येक कलाकाराला एकाच गडद रंगाचा साधा मूळ पोशाख शिवावा आणि त्यावर झगा, जाकीट, शाल असा पात्राची ओळख देणारा एखादा तुकडा भाड्याने आणावा. एकाच मुलाला तीन भूमिका असतील तर याला पर्याय नाही.

वाढत्या वयाच्या मुलांची मापं पात्रनिवडीच्या दिवशी घेऊन थांबू नका, बाह्या आखूड पडतात. कापण्याआधी पुन्हा मोजा. बाजूच्या शिवणीत 3 सेंमी माया (आत दुमडलेलं जादा कापड) ठेवा, खाली 8 सेंमी दुमड हातटाक्यांनी घाला, म्हणजे उसवून लांबी वाढवता येते. कंबरेला नाडी. लांब झगा पुढून जमिनीपासून 4-5 सेंमी वर हवा, नाहीतर पायऱ्या चढताना तो पायाखाली येतोच. मापही प्रयोगातलेच बूट घालून घ्यायचं.

झटपट बदलासाठी वेल्क्रोची सलग पट्टी लावू नका. शांत प्रसंगात विंगेतला तो चर्र आवाज प्रेक्षकांपर्यंत जातो. मोठी टिचबटणं बरी.

कापड घेण्याआधी तुकडा रंगमंचाच्या दिव्यांखाली धरून बघाच. निळ्या प्रकाशात लाल रंग काळपट दिसतो, शुभ्र पांढरा डोळ्यांत खुपतो. पांढरं सुती असेल तर कोऱ्या चहात भिजवून त्याचा शुभ्रपणा कमी करता येतो. पॉलिएस्टर मात्र चहाचा रंग धरत नाही.