चर बुजण्याआधी काय काय करून घ्यायचं (सोसायटी ग्रुप)

ए-१०४: गेटसमोरचा रस्ता काँक्रीटचा करायचा म्हणून एक बाजू खोदून ठेवली आणि आठवडाभर साइटवर ना मशीन ना माणूस. रिक्षा गेटपर्यंत येत नाही, सिलिंडरवाला कोपऱ्यावरूनच फोन करतो. वयस्कर माणसांनी फळीवरून चर ओलांडायचा का? काँक्रीट ओतायला इतके महिने?

सी-३०१: काका, काँक्रीट ओतणं हे यातलं सगळ्यात लहान काम. आपल्या गेटसमोरचा पट्टा एका रात्रीत पडेल. वेळ जातो तो खाली. मलवाहिनी, पर्जन्यवाहिनी, पाण्याची लाइन, वीज, गॅस, फोनच्या केबल. प्रत्येकाचं खातं नाहीतर कंपनी वेगळी. एक केबल हलायची राहिली की चर तसाच उघडा. शिवाय वाहतूक चालू ठेवायची म्हणून अर्धा-अर्धा रस्ता. एका अर्ध्याचं काँक्रीट पक्कं व्हायला २८ दिवस, मग दुसऱ्याला २८. काहीच अडलं नाही तरी दोन महिने गेलेच.

बी-६०२: मग सगळ्यांनी पालिकेच्या १९१६ हेल्पलाइनवर तक्रार टाकूया, लवकर उरका म्हणून.

सी-३०१: तक्रार जरूर टाकूया ताई, पण "लवकर उरका" नको. घाई केली की कात्री लागते ती क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देण्याला, आणि तेच आपल्याला नकोय. असं लिहा: "कोणत्या वाहिनीमुळे काम थांबलंय, ती कोण हलवणार आणि कोणत्या तारखेला, हे लेखी कळवा." सोबत चराचा फोटो, तारीख, जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर. बॅरिकेड आणि रात्रीचे दिवे नसतील तर त्याची तक्रार वेगळी टाका. एकात सगळं कोंबलं की एक मुद्दा सुटतो आणि पूर्ण तक्रार बंद करतात.

ए-७०१: कालपासून नळाला गढूळ पाणी येतंय, वासही आहे.

सी-३०१: हे सगळ्यात आधी बघा. आपलं पाणी ठरावीक तासच येतं. बाकी वेळ लाइन रिकामी असते, आणि जेसीबीच्या धक्क्याने जॉइंट हलला असेल तर चरातलं घाण पाणी आत शिरतं. पाणी आलं की टाकीचा व्हॉल्व्ह लगेच उघडू नका. मीटरजवळच्या नळातून आधी १०-१५ मिनिटं सोडून द्या, बादलीत स्वच्छ दिसलं की मगच टाकीत घ्या. तोवर पिण्याचं पाणी उकळूनच. वास गेला नाही तर वॉर्डच्या पाणी खात्याकडून नमुना तपासून घ्यावा लागेल.

सेक्रेटरी: आपली पाण्याची जुनी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) लाइन चरात उघडी दिसतेय. बदलायची का?

सी-३०१: आत्ताच, सर. परवानाधारक प्लंबरकडून, पालिकेची परवानगी काढून. ड्रेनेजचं कनेक्शनही तपासा. एकदा वर काँक्रीट आलं की पुन्हा खणायला परवानगी मिळणं महाकठीण, आणि फोडलेला पॅनेल (काँक्रीटचा चौकोन) कधी पहिल्यासारखा होत नाही. इंटरनेटवाल्यांसाठी एक रिकामा पाइपही आडवा टाकून ठेवा.

दुसरं, लेव्हल. नवा रस्ता गेटपेक्षा उंच झाला तर पावसाचं पाणी थेट कंपाउंडमध्ये. ज्युनियर इंजिनिअरला आपल्या गेटसमोर तयार रस्त्याची लेव्हल भिंतीवर रंगाने मारायला सांगा. झाडाच्या बुंध्याभोवती १ मीटर माती मोकळी ठेवायची आहे, तेही तेव्हाच दाखवा.

बी-६०२: काँक्रीट पडतं त्या रात्री काय बघायचं?

सी-३०१: काँक्रीटच्या गाडीचं चलन, म्हणजे मालाची पावती. त्यावर ग्रेड (काँक्रीट किती मजबूत ते) असतो, एम-४० हवा, आणि प्लांटवरून निघाल्याची वेळ. ट्रॅफिकमध्ये गाडी अडकून माल घट्ट झाला की ड्रायव्हर पाइपने पाणी मारतो. ते दिसलं की तिथेच इंजिनिअरला बोलवा, कारण त्या पाण्याने ताकद उतरते. ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरतात. ते भरताना फोटो काढा. ७ आणि २८ दिवसांचे रिपोर्ट त्याच क्यूबचे मागायचे.

रस्त्याच्या स्लॅबमधले जॉइंट साधारण साडेचार मीटरवर, स्लॅबच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत कापतात. काँक्रीट सुकताना आकसतं, त्याला तडा कुठे जायचा ते या कापाने ठरवून देतात. कटर सकाळी उशिरा आला तर तडा आपली जागा आधीच शोधतो, वाकडातिकडा. नंतर किमान १४ दिवस गोणपाट ओलं हवं. दुपारी हात लावून बघा, कोरडं लागलं की फोटो टाका.

ए-१०४: दुपारचं मी बघतो. घरीच असतो.

सेक्रेटरी: प्लंबरला उद्या सकाळी ८ ला बोलावलंय. पाणी आणि ड्रेनेज दोन्हीचं कोटेशन संध्याकाळी इथे टाकतो. ए आणि सी विंगने आज रात्रीच पाणी भरून ठेवा.