डाईंगच्या पाण्यावर माशांच्या कचऱ्याचा इलाज: सोलापुरात चालेल का?

भीमाकाठ:
उजनीच्या पाणलोटातली चिलापी, कटला, रोहू भिगवणच्या आणि आपल्या सोलापूरच्या बाजारात येते. मासा साफ केला की खवले, डोकी, आतडी थेट कचऱ्यात. दुसरीकडे टॉवेल-चादरीचं सूत रंगवणारी आपली डाईंग युनिट्स. सुती धाग्याला रिअ‍ॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक जोडला जाणारा) लागतो आणि तो सगळा कधीच बसत नाही. उरलेला रंग पाण्यात जातो आणि नाल्याचं पाणी लाल-निळं दिसतं. कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान बनतं, ते रंग धरून ठेवतं. खवले शिसं, क्रोमियम, तांबं धरतात. समुद्र लांब असला तरी मासा आपल्याकडे आहे. हा कचरा ईटीपीत, म्हणजे युनिटच्या सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत, का वापरू नये? माझं मत ठाम आहे: वापरावा, आणि सुरुवात सोलापुरातूनच व्हावी.

रसायनकट्टा:
कळकळ पटली, पण यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या टरफलातल्या कायटिनपासून बनतं. उजनीच्या चिलापीच्या खवल्यात ते मिळणार नाही. खवले म्हणजे कोलॅजेन आणि हाडात असतं तसलं हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट.

आता टरफलं कोकणातून आणायची म्हटलं तरी आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढायचा, मग पातळ कॉस्टिक सोड्याने प्रथिनं, आणि शेवटी जवळपास ५० टक्के कॉस्टिकमध्ये तापवायचं. त्यातून निघणारं आम्ल-कॉस्टिकचं पाणी कुठे सोडणार? शिवाय ऋणभाराचा रंग धरायला कायटोसानवर धनभार हवा, आणि तो येतो आम्लधर्मी पाण्यात, साधारण पीएच ६.५ च्या खाली. रिअ‍ॅक्टिव्ह डाईंगचं पाणी १०-११ पीएचचं असतं. म्हणजे आधी ढिगाने आम्ल ओता. कागदावर हिरवं दिसणारं काम टाकीत तसं राहत नाही.

रंगखाना:
माझं छोटं डाईंग आहे, म्हणून लिहितो. सर बोलले ते बरोबर, पण पीएच आम्ही आजही खाली आणतोच, त्यामुळे तो अडसर मोठा नाही. खरी अडचण मिठाची आहे. गडद रंगाला लिटरमागे ५०-८० ग्रॅम मीठ टाकावं लागतं, नाहीतर रंग धाग्यावर चढत नाही. खवले टाका, कायटोसान टाका, रंग खाली बसवणारी नेहमीची तुरटी टाका, हे मीठ पाण्यातच राहतं. टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, मर्यादा लिटरमागे २१०० मिलिग्रॅम आहे. पाणी काचेसारखं दिसलं आणि खारटच राहिलं, तर त्या पाण्यावर शेती करणाऱ्याचं काय? तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या डाईंगवाल्यांना सांडपाणी नदीत सोडल्यावरून २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने कुलपं लागली. रंग काढला म्हणजे सुटलो, असं कुणी समजू नये.

चिलापीवाली:
आमच्या घरात तीन पिढ्या मासळी. बाजारात खवले कोण काढतं? बायका. डोकी-आतड्यांना कोंबडीखाद्यवाले कधी गिऱ्हाईक असतात, खवल्याला कुणीच नाही. सोलापूरच्या उन्हात ते धुऊन वाळवायला खर्च नाही, वासही मरतो. किलोला चार पैसे मिळाले तर वेगळे काढून ठेवायची आमची तयारी आहे. पण दर आधी ठरवा. नाहीतर कचरा आमचा, मेहनत आमची आणि कमाई तिसऱ्याचीच.

भीमाकाठ:
ताई, दराचा मुद्दा पहिला, मान्य. रंगखाना आण्णा, मीठ जाईल असं माझं म्हणणं नाहीच. फिरोजी रंगाचं काय? त्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या पोटात तांबं असतं. खवल्यांची परीक्षा तिथे घ्यावी.

रसायनकट्टा:
ते तांबं रंगाच्या रेणूत घट्ट अडकलेलं असतं, भीमाकाठ. पाण्यात सुटं फिरणारं तांबं आणि हे एक नव्हे. खवले सुटं तांबं धरतील. फिरोजी धरायचा तर अख्खा रेणू धरावा लागेल.

सीनेपलीकडे:
मला गाळाची भीती वाटते. रंग नाहीसा होत नाही, पाण्यातून खवल्यात जातो इतकंच. ते रंगलेले खवले कुठे? "माशाचं आहे, चांगलं खत आहे" म्हणून कुणीतरी डाळिंबाच्या बागेत टाकणार. हत्तरसंग कुडलच्या भीमा-सीना संगमाखाली आमची गावं आहेत. पाण्यातून वाचवलेलं विष मातीतून आमच्याकडेच येणार असेल तर आमचा विरोध आहे. असा गाळ धोकादायक कचरा म्हणूनच गेला पाहिजे, आणि त्याचा खर्च हिशोबात पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे.

रसायनकट्टा:
हा मुद्दा माझ्या सगळ्या आक्षेपांपेक्षा वजनदार आहे. आणि तो तुरटीच्या गाळालाही तितकाच लागू आहे, त्यामुळे तुलना त्याच्याशीच करावी लागेल. एक लिटरच्या सहा बीकरमध्ये एकच पाणी घ्या: तिघांत तुरटी, तिघांत वाळवून दळलेले खवले, मात्रा वाढवत. रंग, सीओडी (पाण्यातली घाण ऑक्सिडाइझ व्हायला लागणारा ऑक्सिजन) आणि तळाचा गाळ सुकवून त्याचं वजन, तिन्ही मोजा. गाळ कमी आला तर मी माझं मत बदलेन. जास्त आला तर हा विषय इथेच थांबवावा.

रंगखाना:
पाणी माझ्याकडून घ्या, पण टाकीतलं मिसळलेलं नको. फिरोजी, मरून आणि काळा, तिन्ही घाण्यांचं वेगवेगळं देतो. युनिटचं नाव कुठे येऊ नये, एवढंच. खवल्यांचे पैसे ताईंना रोख.

चिलापीवाली:
रविवारी माल जास्त कापला जातो, खवले तेव्हाचे घेऊ. मंगळवारपर्यंत वाळतील.